नाडी शांत, दाब वर

1904 साली लंडनच्या हर्न हिल भागातल्या वेलकम प्रयोगशाळेत हेन्री डेल हा तिशीच्या आतला शास्त्रज्ञ अर्गटचा अभ्यास करत होता. अर्गट म्हणजे राय या धान्यावर वाढणारी बुरशी. कंपनीच्या कारखान्यातून त्याच्याकडे ॲड्रिनल ग्रंथीच्या अर्काचा एक नमुना तपासणीला आला. काम साधं होतं: भूल दिलेल्या मांजराला टोचायचा आणि रक्तदाब किती चढतो ते पाहायचं. मांजर समोर होतंच, अर्गट आधी दिलेलं. डेलने नमुना टोचला, तर दाब चढण्याऐवजी उतरला. त्याने नमुना निकामी ठरवला. पुढच्या वेळी दुसरा नमुना आला, तोही अर्गट घेतलेल्या मांजरालाच टोचला गेला आणि पुन्हा तेच झालं. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की नमुन्यात काहीच खोट नाही, मांजराच्या अंगात आधी काय गेलंय त्यात सगळी मेख आहे. 1906 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं.

उत्तेजक तेच, मात्रा तीच, पण आधी दिलेल्या दुसऱ्या औषधाने परिणाम पार उलटा. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या शरीरात कुठलंही उत्तेजक शिरलं की आजही हाच हिशेब लागू होतो. मग ते दाताच्या डॉक्टरच्या सुईतलं ॲड्रिनलिन असो, सर्दीची गोळी असो, एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) दिलेलं मिथाइलफेनिडेट असो, तंबाखू असो की पुड्यांतून विकली जाणारी एमडी (मेफेड्रोन) ही नशा.

डेलच्या मांजराचं कोडं नीट सुटायला 1948 साल उजाडलं. अमेरिकेत रेमंड आल्क्विस्टने सुचवलं की ॲड्रिनलिन पेशींवरच्या दोन प्रकारच्या रिसेप्टरवर, म्हणजे रसायन जिथे येऊन बसतं त्या जागांवर, काम करतं: अल्फा आणि बीटा. अल्फा रक्तवाहिन्या आवळतात. बीटाचे पुढे दोन मुख्य प्रकार पडले. बीटा-1 हृदयावर, ते ठोके आणि जोर वाढवतात. बीटा-2 स्नायूंच्या रक्तवाहिन्यांवर आणि श्वासनलिकांवर, ते त्या सैल करतात. म्हणजे ॲड्रिनलिन एका हाताने आवळतं आणि दुसऱ्या हाताने सैल सोडतं. अर्गटने अल्फा अडवले, तेव्हा सैल सोडणं तेवढं उरलं आणि दाब पडला.

आता हेच उलटं करा. जेम्स ब्लॅकने 1960च्या दशकात प्रोप्रानोलॉल शोधलं (1988 साली त्यासाठी त्याला नोबेलचा वाटा मिळाला). ही गोळी दोन्ही बीटा बंद करते, म्हणून अशा औषधांना बीटा-ब्लॉकर म्हणतात. अशा माणसाला ॲड्रिनलिन दिलं की आवळणारे अल्फा मोकाट आणि सैल करणारे बीटा-2 बंद. दाब सरळ वर जातो. मानेतल्या धमनीत दाब मोजणारे मज्जातंतू असतात, ते मेंदूला कळवतात, मेंदू व्हेगस नसेमार्फत हृदयाला लगाम घालतो, आणि बीटा-1 बंद असल्याने तो लगाम झुगारणारं कोणी उरत नाही. नाडी 50 वर आणि वरचं बीपी 200च्या पुढे, अशी विचित्र जोडी तयार होते. मनगट धरून पाहणाऱ्याला वाटतं, सगळं थंड आहे.

‘बीपीची गोळी चालू आहे’ या वाक्यावरून डॉक्टरला जवळजवळ काहीच कळत नाही, ते यामुळेच. ॲम्लोडिपिन रक्तवाहिनीच्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणजे आवळण्याचा हुकूम कुठूनही आला तरी शेवटच्या पायरीवर अडवते. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संप्रेरकाला रोखते, अल्फा-बीटाला थेट हात लावत नाही. क्लोर्थॅलिडोन लघवीवाटे मीठ आणि पाणी काढते, सोबत पोटॅशियमही. मेटोप्रोलॉल आणि ॲटेनोलॉल मुख्यतः बीटा-1 बंद करतात, बीटा-2 बरेचसे मोकळे ठेवतात. कार्व्हेडिलॉल आणि लॅबेटालॉल अल्फा आणि बीटा दोन्ही. प्राझोसिन फक्त अल्फा. क्लोनिडिन तर मेंदूतच बसून नसांना ‘कमी सोडा’ असा निरोप धाडते. यातल्या एकेकीला उत्तेजकासमोर उभं केलं तर सात वेगळ्या गोष्टी घडतील.

या हिशेबाचा सगळ्यात मोठा उपयोग कुणी केला असेल तर तो कोकणात, महाडला. लाल विंचवाचं विष नसांच्या टोकांतून आणि ॲड्रिनल ग्रंथीतून ॲड्रिनलिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रिनलिन यांचा लोंढा बाहेर काढतं. बाहेरून कुठलंही औषध न देता शरीर स्वतःच्याच उत्तेजकात बुडतं. दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय, उलट्या, चढलेला दाब, मग थकलेलं हृदय आणि फुप्फुसात पाणी. लहान मुलं यात बऱ्याचदा दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला असे रुग्ण पाहून पाहून प्राझोसिन वापरायला सुरुवात केली, आणि 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. प्राझोसिन तेव्हा बीपीची साधी, स्वस्त गोळी होती. मृत्यूचं प्रमाण आधी 30 टक्क्यांच्या घरात होतं, ते पुढे एक-दोन टक्क्यांच्या आसपास आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिनच का, हे पाहण्यासारखं आहे. लोंढा आला आहे, अल्फा आवळून बसले आहेत, आणि हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलून दमलं आहे. इथे धडधड दिसते म्हणून बीटा-ब्लॉकर दिला तर नळ्या आवळलेल्याच राहतील आणि ढकलणाऱ्याचं बळ मात्र जाईल. प्राझोसिन आधी नळ्या सोडवतं. मात्रा मुलाला किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण पाव मिलिग्रॅम, मोठ्याला अर्धा मिलिग्रॅम, आणि हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. पहिल्या डोसनंतर रुग्णाला उठवायचं नाही. घाबरलेली आई पोराला उचलून खांद्यावर घेते, आणि अल्फा बंद असलेल्या शरीरात रक्त पायांकडे उतरून दाब कोसळतो. मूल आडवंच ठेवायचं, पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने बीपी, नाडी आणि श्वास पाहायचे. उलट्या आणि घामाने गेलेलं पाणी भरून काढायचं. हे काम दवाखान्यातलंच आहे, घरच्या डब्यातल्या गोळीचं नाही.

दुसरं मराठी टोक मुंबईचं. 1949 मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवरच्या अनुभवानिशी मांडलं, आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळं केलं. रेसर्पिन नसांच्या टोकांतला नॉरॲड्रिनलिनचा साठा हळूहळू रिकामा करतं. मग 1958 मध्ये बर्न आणि रँड या दोन औषधशास्त्रज्ञांनी रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांना उत्तेजकं टोचून पाहिली आणि ती सरळ दोन गटांत पडली. जी उत्तेजकं नसेतला साठा बाहेर काढून काम करतात, त्यांची धार गेली, कारण साठाच नव्हता. जी थेट रिसेप्टरवर बसतात, त्यांचा परिणाम उलट वाढला, कारण उपाशी रिसेप्टर जास्त हळवे झाले होते.

रेसर्पिन आता क्वचितच कुणी लिहून देतं, पण ही वाटणी अजून कामाची आहे. ॲड्रिनलिन, फेनिलेफ्रिन, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल ही थेट. ॲम्फेटामिन, एमडी, निकोटिन ही साठ्यावर हात मारणारी. कोकेन आणि मिथाइलफेनिडेट बाहेर आलेलं नॉरॲड्रिनलिन नसेत परत जाऊ देत नाहीत, म्हणून तीही आडवाटेचीच. एफेड्रिन आणि स्यूडोएफेड्रिन दोन्हीकडून खातात. नॉरॲड्रिनलिन बीटा-2 वर फारसं बसत नाही. त्यामुळे ‘सैल करणारा हात बांधला’ हा प्रकार ॲड्रिनलिनच्या सुईत जेवढा उग्र दिसतो, तेवढा आडवाटेच्या उत्तेजकांत दिसत नाही. हे न सांगता सगळ्यांना एकाच भीतीच्या टोपलीत टाकणारे लेख बरेच दिसतात.

सुईचंच पाहू. दाढ काढताना भुलेच्या औषधात, लिग्नोकेनमध्ये, ॲड्रिनलिन मिसळलेलं असतं, आपल्याकडे सहसा 1:80,000 या प्रमाणात. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 12.5 मायक्रोग्रॅम, 1.8 मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये 22.5. हृदयरोग्यासाठी 40 मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगितली जाते, म्हणजे 3.2 मिलिलिटर, पावणेदोन कार्ट्रिज. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलवर असलेल्याला एवढ्याने सहसा काही होत नाही, बीटा-2 मोकळे असतात. प्रोप्रानोलॉल घेणाऱ्याला मात्र पहिली कार्ट्रिज सावकाश द्यावी. सुई आत गेल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतंय का पाहावं, कारण तीच मात्रा शिरेत गेली तर सगळे हिशेब बदलतात. मग पाच मिनिटं थांबून बीपी मोजावं आणि नंतरच पुढची. कॅप बसवण्यासाठी हिरडी मागे सारायला जो दोरा घालतात, तो ॲड्रिनलिनमध्ये भिजवलेला नको. त्यातून किती आत जाईल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि ॲल्युमिनियम क्लोराइडचा दोरा मिळतो.

काही रुग्ण ‘बीपी आहे, साधी भूल द्या’ असं बजावून सांगतात. ते मला पटत नाही. ॲड्रिनलिन नसलेल्या भुलेत रक्तवाहिन्या आवळत नाहीत, औषध लवकर वाहून जातं, दाढ अर्धी निघालेली असताना दुखायला लागतं, आणि मग ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं ॲड्रिनलिन सोडते. ते कार्ट्रिज मोजून येत नाही.

सर्दीच्या गोळीची गोष्ट थोडी हसण्यासारखी आहे. स्यूडोएफेड्रिनने वरचं बीपी सरासरी जेमतेम 1 मिमी चढतं आणि नाडी 3 ठोक्यांनी. आकडा लहान आहे, पण तो सरासरीचा आहे. ज्याचं बीपी आधीच हाताबाहेर आहे त्याला तो लागू नाही. फिनाइलप्रोपॅनोलामिन मेंदूतल्या रक्तस्रावाच्या धोक्यामुळे अमेरिकेत 2000 पासून मागे घेतलं गेलं, भारतात 2011 मध्ये त्यावर बंदी आली, पण पुढे न्यायालयाने ती उठवली. त्या जागी पट्ट्यांवर आलं फेनिलेफ्रिन. तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन आतड्याच्या भिंतीतच बहुतेक खलास होतं, आणि सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने 16 विरुद्ध 0 असा कौल दिला की नेहमीच्या मात्रेत ही गोळी नाक मोकळं करत नाही. मग बीपीच्या रुग्णाने ती घ्यायचीच कशाला? मिठाच्या पाण्याने नाक धुवावं, वाफ घ्यावी. नाकात घालायचे झायलोमेटाझोलिनचे थेंब काम करतात, पण तीन ते पाच दिवसांपुढे घातले तर नाक उलट चोंदतं. पट्टीच्या मागे घटक वाचताना कॅफिन आणि आयबुप्रोफेनसुद्धा शोधावं. आयबुप्रोफेन उत्तेजक नाही, पण मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि टेल्मिसार्टन, क्लोर्थॅलिडोन यांचं काम बिघडवतं. दोष मात्र सर्दीवर जातो.

तेच फेनिलेफ्रिन डोळ्यात घातलं तर मात्र चांगलंच आत शिरतं. बाहुली मोठी करायला 10 टक्क्यांचे थेंब वापरले तर बीपी उसळू शकतं. बहुतेकांना अडीच टक्के पुरतात. आणि डोळ्यांचाच विषय निघाला आहे तर काचबिंदूचं टिमोलॉल. ते प्रोप्रानोलॉलसारखंच दोन्ही बीटा बंद करणारं औषध आहे. थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तिथून रक्तात, यकृताला वळसा घालून. ‘कोणत्या गोळ्या घेता?’ या प्रश्नाला रुग्ण प्रामाणिकपणे ‘कोणत्याच नाही’ म्हणतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन-तीन मिनिटं बोटाने दाबून धरला तर बराच भाग डोळ्यातच राहतो.

एडीएचडी असलेल्या प्रौढांना आता मिथाइलफेनिडेट लिहून दिलं जातं, आणि त्यांतल्या काहींना बीपीही असतं. सरासरी वाढ 2 ते 4 मिमी आणि 3 ते 6 ठोके, काहींना बरीच जास्त. गडबड होते ती मोजण्याच्या वेळेत. साध्या गोळीचा परिणाम दोन तासांच्या आसपास शिगेला पोचतो आणि तीन-चार तासांत ओसरतो. सकाळी आठला गोळी आणि संध्याकाळी सातला क्लिनिकमध्ये बीपी, तर तो आकडा गोळीबद्दल काहीच सांगत नाही. सकाळी गोळीआधी एकदा आणि दहाच्या सुमारास एकदा मोजावं. दिवसभर चालणारी गोळी असेल तर दुपारी. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, पाच मिनिटं गप्प बसून, चहा-कॉफी-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ देऊन. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. आठवडाभर असं करावं, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत. धडधडीवर प्रोप्रानोलॉल दिलं असेल तर हे दुप्पट गरजेचं, कारण थरथर आणि धडधड दोन्ही गायब होतात आणि माणसाला वाटतं औषध सोसलं. घाम तेवढा येत राहतो. त्याच्या नसा वेगळ्या रसायनावर चालतात, बीटा-ब्लॉकर तिथे पोचत नाही.

नाडी आणि दाब वेगळ्या वाटेने जाऊ शकतात, याचा स्वच्छ पुरावा स्वित्झर्लंडमध्ये निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत मिळतो. एमडीएमए (एक्स्टसी ही नशेची गोळी) देण्याआधी पिंडोलॉल हा बीटा-ब्लॉकर दिला तेव्हा ठोके वाढले नाहीत, रक्तदाब मात्र वाढायचा तेवढा वाढलाच. पुढे अल्फाही अडवणारं कार्व्हेडिलॉल दिलं, तेव्हा ठोके, दाब आणि अंगाचा ताप तिन्ही कमी चढले. कार्व्हेडिलॉल घेऊनही नशा जशीच्या तशी. हे एकच मोजलेली मात्रा, शेजारी डॉक्टर, अशा खोलीत झालं. कुरकुंभच्या कारखान्यावर 2024 मध्ये पुणे पोलिसांचा छापा पडला तेव्हापासून ‘एमडी’ हे नाव घरोघरी पोचलं; ती एमडीएमए नव्हे, मेफेड्रोन, आणि पुडीत नेमकं काय आणि किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कोकेनच्या बाबतीत 1990 मध्येच दाखवलं गेलं की वर प्रोप्रानोलॉल दिलं की हृदयाच्या स्वतःच्या धमन्या आणखी आवळतात. म्हणून असा रुग्ण छातीत दुखतं म्हणून येतो, तेव्हा डॉक्टर आधी शामक बेंझोडायझेपिन आणि नायट्रोग्लिसरिनकडे वळतात. बीटा-ब्लॉकर द्यावा की नाही यावर हृदयतज्ज्ञ अजून भांडतात. काय घेतलं आणि घरी कोणती गोळी चालू आहे, या दोन्ही गोष्टी तिथे खऱ्या सांगाव्यात, पोलीस डोळ्यांसमोर येत असले तरी.

तंबाखूबद्दल फार बोललं जात नाही, कारण तो रोजचा. ब्रिटनमध्ये 1985 साली प्रसिद्ध झालेल्या सौम्य रक्तदाबाच्या मोठ्या चाचणीत प्रोप्रानोलॉलने पक्षाघात कमी झाले ते सिगारेट न ओढणाऱ्यांत. ओढणाऱ्यांना तो फायदा दिसला नाही. लघवीच्या गोळीचा मात्र दोघांनाही झाला.

उत्तेजक जीव वाचवायलाच द्यायचं असतं, तिथे हा हिशेब सगळ्यात कडू होतो. शेंगदाणा, मधमाशी किंवा इंजेक्शनच्या ॲलर्जीने माणूस कोसळला तर मांडीत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रिनलिन, यात कुठेही मागेपुढे पाहायचं नाही, बीटा-ब्लॉकर चालू असला तरी. पण दुसऱ्या डोसनंतरही दाब आणि श्वास सुधारत नसतील तर ग्लुकागॉन लागतं: 1 ते 5 मिलिग्रॅम शिरेतून, पाच मिनिटं घेऊन. ते बीटाच्या दाराने न जाता वेगळ्या वाटेने हृदयाला जोर देतं. उलटी होते, म्हणून रुग्णाला कुशीवर ठेवतात. लहान दवाखान्यांत ते क्वचितच असतं.

राहिली गोळी अचानक बंद करण्याची गोष्ट. क्लोनिडिन आधी जर्मनीत नाक मोकळं करायचं औषध म्हणून बनलं, मग बीपीचं झालं, आणि 2010 पासून अमेरिकेत मुलांच्या एडीएचडीत उत्तेजकासोबत द्यायलाही मान्यता आहे. ते एकदम थांबवलं तर मेंदूने दाबून ठेवलेल्या नसा दुप्पट जोराने सुटतात, आणि उत्तेजक तसंच चालू असेल तर त्याला मोकळं रान मिळतं. सोबत बीटा-ब्लॉकर असेल तर आधी तो कमी करत बंद करतात आणि नंतर क्लोनिडिन, दर काही दिवसांनी थोडं थोडं उतरवत. शस्त्रक्रियेच्या सकाळी ‘काही खाऊ-पिऊ नका’ असं सांगितलं जातं, आणि रुग्ण गोळ्याही ठेवून देतो. टेल्मिसार्टन त्या दिवशी बहुधा थांबवायलाच सांगतात. बीटा-ब्लॉकर आणि क्लोनिडिन मात्र घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, म्हणून आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाला एकेका गोळीचं नाव घेऊन विचारावं, थेंबांचंही.